‘एकाच फीत सगळं’ देणाऱ्या वारसा पॅकेजचा आमचा अनुभव

बाबा गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी माझ्या मोबाइलवर एक जाहिरात दिसायला लागली. वारसाहक्क, सातबारा, घटस्फोट, दुकानाचे भाडेकरार, सगळ्याचे दर हॉटेलातल्या मेनूकार्डासारखे छापलेले. वर मोठ्या अक्षरात, ‘कोर्टापासून तलाठ्यापर्यंत सगळं एकाच फीमध्ये’. वकिलाकडे एकदा गेलं की खर्च कुठे थांबेल याचा नेम नाही, अशी धास्ती आपल्याकडे घरोघरी असते. ही मंडळी त्या धास्तीवरच धंदा करत होती. तक्रार सुरू असल्यामुळे त्यांचं नाव लिहीत नाही.

आमचा पसारा मध्यमवर्गीय घरात असतो तेवढाच. नाशिकला सोसायटीतला एक फ्लॅट, भाड्याने दिलेला एक गाळा, निफाड तालुक्यात थोडी शेती, बँकेतल्या ठेवी आणि बाबांनी हौसेने घेतलेले शेअर. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वारस तिघं: आई, नोकरीसाठी बहरीनला असलेला दादा आणि मी. सगळं बाबांनी स्वतः कमावलेलं, त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याने तिघांचा हिस्सा सारखा. आमच्यात वाद नव्हता. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण वाद पुढे आमच्यात घडवून आणला गेला.

पॅकेज ३५,००० रुपयांचं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,३००. बदल्यात एका पानावर पाच ओळी: वारस दाखला, सातबारा नोंद, फ्लॅट ट्रान्सफर, बँक क्लेम, गाळ्याचा करार. कोणत्या कोर्टात कोणता अर्ज, त्यात काय धरलंय, काय नाही, किती टप्पे, काम अर्धवट राहिलं तर पैशांचं काय, यातलं काहीच त्या पानावर नव्हतं. म्हणजे फी पक्की होती, काम मोघम होतं. पुढे आमच्याकडून जे जे उकळलं गेलं ते त्या मोघमपणातूनच.

पैसे भरले आणि आम्हाला एक ‘केस मॅनेजर’ मिळाला. गोड बोलणारा पोरगा, दर वाक्याला ‘ताई’. त्याने वकालतनामा पाठवला, त्यात वकिलाच्या नावाची जागा कोरी. विचारलं तर म्हणाला, “आमचं पॅनल आहे ताई, कोर्टाप्रमाणे वकील ठरतो. तुम्ही फक्त सह्या करा.” आईच्या सह्या कोऱ्या प्रतिज्ञापत्रांवरही घेतल्या. वकालतनामा म्हणजे अमुक एका वकिलाला तुमच्या वतीने उभं राहायचा दिलेला अधिकार. अधिकार कोणाला दिलाय हेच त्यावर लिहिलेलं नसेल, तर त्या कागदाचं काय करायचं ते ज्याच्या हातात तो आहे तो ठरवणार. वकिलाचं नाव आणि सनद क्रमांक लिहिल्याशिवाय सही करू नका. तो क्रमांक बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे पडताळून घेता येतो.

मग ‘वरचे’ खर्च सुरू झाले. कोर्ट फी वेगळी, पेपरातली जाहीर नोटीस वेगळी, आणि “तलाठी ऑफिसला थोडं द्यावं लागतं, तुम्हाला माहीतच आहे.” सगळे पैसे कंपनीच्या खात्यात नाही, एका माणसाच्या यूपीआयवर. यातली मेख अशी की पहिल्या दोन गोष्टी खोट्या नसतात. अशा अर्जांना कोर्ट फी लागते, न्यायालय जाहीर नोटीस काढून आक्षेपही मागवतं. पण कोर्ट फी शासनाकडे भरली जाते आणि तिची पावती असते. ती मागितली की “सिस्टीममध्ये अपडेट व्हायचं आहे” हे ठरलेलं उत्तर. सातबाऱ्यावर वारस नोंद करायला तर कोणाला काही ‘द्यावं’ लागत नाही. मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा, ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही करता येतो. वारस नोंदवहीत नाव चढतं, मग फेरफार पडतो, नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. शेवटी हे काम मी स्वतः करून घेतलं.

कारस्थान उघडं पडायला सुरुवात झाली ती बँकेत. आईची पेन्शन त्याच शाखेत येते, म्हणून सहज चौकशी केली. काउंटरवरच्या बाईंनी पासबुक उघडून पाहिलं आणि विचारलं, “सगळ्या ठेवींना तुमच्या आईचं नामनिर्देशन आहे. कोर्टाचा कागद कोणी आणायला सांगितला?” नामनिर्देशन असलेल्या ठेवीचे पैसे बँक मृत्यू दाखला आणि ओळखपत्र पाहून नॉमिनीला देते. नॉमिनी त्या पैशांचा एकटा मालक होत नाही, वारसांचा हक्क राहतोच. पण बँकेतून पैसे निघायला उत्तराधिकार प्रमाणपत्राची गरज नसते. ज्या कामासाठी कोर्टाची पायरी चढायचीच नव्हती, त्या कामाचे पैसे आमच्याकडून घेतले गेले होते.

त्यांच्या कागदात आणखी एक घोळ होता, तो नंतर आमच्या गावातल्या वकीलसाहेबांनी दाखवला. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र हे येणी (मृताला इतरांकडून येणं असलेले पैसे) आणि रोखे (शेअर वगैरे) यांच्यासाठी असतं, शेतजमीन किंवा फ्लॅट त्यात येत नाही. आपल्याकडे वारस प्रमाणपत्र मिळतं ते १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली, तो वेगळा अर्ज. या लोकांनी आम्हाला दोन्ही नावं आलटून पालटून सांगितली, जणू एकच वस्तू. आमच्या प्रकरणात कोर्टात खरंच जावं लागणार होतं ते फक्त शेअरसाठी, कारण रक्कम मोठी होती आणि त्या डीमॅट खात्यावर नॉमिनी नव्हता.

तोवर ‘केस फाइल झाली’ असा निरोप आला होता. किरकोळ अर्जाचा क्रमांक आणि शिक्का मारलेल्या पहिल्या पानाचा फोटो. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो क्रमांक टाकला तर भलत्याच दोन माणसांचं भलतंच प्रकरण निघालं. आईच्या नावाने शोधलं, बाबांच्या नावाने शोधलं, काही नाही. न्यायालयातल्या फाइलिंगच्या खिडकीवर जाऊन खात्री केली, तिथेही नोंद नव्हती. दाखल झालेल्या प्रत्येक प्रकरणाला सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो टाकला की पक्षकार, वकिलाचं नाव, पुढची तारीख, सगळं कोणालाही फुकट दिसतं. “दाखल केलं” असं कोणी म्हणालं तर तो क्रमांक मागा. फोटोवर जाऊ नका, शिक्क्यावर तर अजिबात नाही.

पैशांचं दुःख एक वेळ पचतं. यापुढचं पचायला जड गेलं. एके रात्री दादाचा फोन आला. आवाज तुटक. “तुला हक्कसोड करायचं होतं तर मला सांगायचंस ना, कंपनीकडून का कळावं?” मी चाट. त्याला सांगण्यात आलं होतं की बहीण हिस्सा सोडायला तयार आहे, १५,००० भरा, कागद करून घेऊ, नंतर तिचं मन बदलेल. दोनच दिवसांनी मला सांगितलं गेलं की भाऊ वाटणीचा दावा लावणार आहे, तुमच्या बाजूने वेगळा वकील देतो, २०,००० पडतील. आम्ही भावंडं कधी एकमेकांचा हिशेब न विचारणारी. पण त्यानंतर काही दिवस आमचे फोन आईच्या तब्येतीपुरतेच होत होते. दादा मनात काय धरून बसलाय याचा विचार करत मी रात्र रात्र जागी असायची. आईला तर आम्ही काही सांगितलंच नाही, तरी तिला कळलं असणार. गाठ सोडवली वहिनीने. तिने दादाला आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट मला पाठवला. नंबर माझ्या केस मॅनेजरचाच होता.

एकाच घरातल्या दोन बाजूंना एकच माणूस सल्ला विकतोय, हे खऱ्या वकिलाने केलं तर त्याची सनद धोक्यात येते. हक्कसोडपत्राची एक गोष्ट बहिणींनी लक्षात ठेवावी. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता, वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा सोडायला मुद्रांक नाममात्र लागतो, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. पण दुय्यम निबंधकाकडे एकदा ते नोंदवलं की मागे फिरणं महाकठीण. “पॅकेजमध्ये फुकट करून देतो” म्हणून करायची ती गोष्ट नाही.

दादाने बहरीनच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवलेलं कुलमुखत्यारपत्रही त्यांच्या ऑफिसात पडून राहिलं. परदेशात केलेला असा कागद इथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावा लागतो. ती मुदत गेली, आणि त्यावर ‘नव्याने करायची फी’ मागण्याइतकं धाडस त्यांच्यात होतं.

गाळ्याच्या कराराबद्दल थोडक्यात. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला कागद आला, त्यात मालक म्हणून एकट्या आईचं नाव आणि मध्येच एका कलमात ‘ठाणे जिल्हा’, कोणाच्या तरी जुन्या करारातून राहून गेलेलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडे किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, दुकान असो वा घर. नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. तो नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं. आमचा भाडेकरू सज्जन, म्हणून निभावलं. नवा करार तिन्ही वारसांच्या नावाने झाला. पाव टक्का मुद्रांक आणि शहरातली १,००० रुपये नोंदणी फी, हाच मुख्य सरकारी खर्च.

आता तक्रारीबद्दल. बार कौन्सिलकडे जायचं तर वकिलाचं नाव हवं, आणि आमच्या कोणत्याही कागदावर ते नव्हतंच. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ मनाई करतो. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ऑनलाइन जाहिराती करणाऱ्या वकिलांवर कारवाईचे निर्देशही दिले. मोबाइलवर दरपत्रक घेऊन जो दारात येतो तो वकील नसणार, ही शंका तिथेच यायला हवी, असं आमचे वकीलसाहेब म्हणतात. ते स्वतःही ठरावीक फीच घेतात बरं का. शेअरच्या कामासाठी त्यांनी पत्र दिलं: कोणता अर्ज, कोणतं न्यायालय, फी कोणत्या टप्प्याला किती, कोर्ट फी वेगळी आणि पावतीसह, आक्षेप आला तर काय. ते पत्र दीड पानाचं आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, हेल्पलाइन १५१००. आई आणि मी, दोघीही त्यात बसत होतो.

पोलिसांनी अर्ज घेतला तेव्हा कंपनीने उत्तर दिलं, ‘आम्ही वकील नाही, ग्राहक आणि वकील यांना जोडणारा मंच आहोत.’ जिल्हा ग्राहक आयोगात गेलो (पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही), तर तिथल्या लेखी जबाबात म्हणतात, ‘आमची सेवा वकिलीची आहे.’ कारण सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या बाहेर ठेवली आहे.

आमच्या वकीलसाहेबांनी उत्तरादाखल पहिला कागद जोडला तो कंपनीचंच ४१,३०० चं बिल. वकील किंवा वकिलांची फर्म घरगुती व्यक्तीला कायद्याची सेवा देते तेव्हा तिच्यावर जीएसटी लागत नाही, आणि यांनी तर तो १८ टक्क्यांनी वसूल केला होता. त्यावर म्हणणं मांडायला कंपनीने मुदत मागून घेतली आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची.