सिस्टिक ग्लायोब्लास्टोमा: कवटी उघडून गाठ काढायची, की सुईने पाणी?

सिस्टिक ग्लायोब्लास्टोमा म्हणजे मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर, ज्यात पाण्याने भरलेली पोकळी (सिस्ट) असते. निर्णयाआधी निदान पक्के हवे. मेंदूतला पू, टीबीची गाठ आणि सिस्टिक ग्लायोब्लास्टोमा, तिन्हींची कडा कॉन्ट्रास्ट एमआरआयवर (शिरेतून औषध देऊन काढलेल्या) कड्यासारखी उजळते. डिफ्यूजन चित्रात (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारा एमआरआय) पुवाचा गाभा सहसा पांढरा चमकतो आणि त्या हालचालीचे माप दाखवणाऱ्या एडीसी नकाशावर काळा दिसतो. ट्यूमरच्या पाण्यात बहुधा तसे होत नाही. ट्यूमरची भिंत जाड, वेडीवाकडी असते आणि परफ्यूजनमध्ये (रक्तप्रवाह मोजणाऱ्या स्कॅनमध्ये) तिथला रक्तपुरवठा वाढलेला दिसतो. अखेरचा शब्द मात्र बायोप्सीचाच.

गाठीचा घन भाग हाताशी असेल, बोलणे-हालचालीच्या केंद्रांपासून दूर असेल आणि रुग्णाची तब्येत साथ देत असेल, तर कवटी उघडून शस्त्रक्रिया करणेच आम्हाला योग्य वाटते. दाब लगेच उतरतो, तपासणीला भरपूर ऊतक मिळते. धोका असा, की पाणी निघताच मेंदू सरकतो आणि सर्जनला जागा दाखवणारे, आधीच्या स्कॅनवर चालणारे नेव्हिगेशन चुकू लागते. काही उरले का, हे पाहणारा एमआरआय 72 तासांच्या आत करून घ्यावा; उशीर झाला तर जखमेची कडाही उजळते आणि ट्यूमर वेगळा ओळखता येत नाही.

गाठ खोल असेल किंवा रुग्ण फार अशक्त असेल, तर स्टिरिओटॅक्टिक सुई (स्कॅनवरून नेमका बिंदू ठरवून छोट्या छिद्रातून घातलेली) बरी. इथे क्रम महत्त्वाचा: आधी भिंतीचे तुकडे, मग पाणी. आधी पाणी काढले तर सिस्ट आक्रसते आणि ठरवलेला बिंदू हलतो. नुसत्या पाण्यात बऱ्याचदा कॅन्सरच्या पेशी सापडतच नाहीत, म्हणून ‘पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल’ यावर निश्चिंत होऊ नका. शिवाय भिंत जिवंत असल्याने सिस्ट पुन्हा भरू शकते. त्यासाठी टाळूच्या कातडीखाली ओमाया रिझर्व्हॉयर (सिस्टमध्ये जाणाऱ्या नळीला जोडलेली छोटी डबी) बसवतात. त्यातून बारीक सुईने वारंवार पाणी काढता येते. नळी तुंबणे आणि जंतुसंसर्ग हे त्याचे दोन त्रास. ताप, मान ताठणे किंवा टाके लाल होणे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पुढचे उपचार दोन्हींत बहुधा तेच: 30 बैठकांत 60 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक) रेडिएशन, सोबत रोज टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचे औषध, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 75 मिलिग्रॅम, आणि दर आठवड्याला रक्तपेशींची तपासणी. वयस्कर, थकलेल्या रुग्णाला 15 बैठकांत 40 ग्रे देता येते. एमजीएमटी चाचणी (ट्यूमरमधल्या या नावाच्या जनुकाची तपासणी) जरूर करून घ्या. तिच्यावरून टेमोझोलोमाइड किती उपयोगी पडेल याचा अंदाज येतो. आणि या आठवड्यांत डोकेदुखी किंवा उलट्या वाढल्या तर पुन्हा स्कॅन मागा: सिस्ट फुगली असेल, तर रेडिएशनचा आराखडाही नव्याने करावा लागतो.