विरघळणारा सेन्सर, एनपीके प्रोब की माती परीक्षण?

मातीतली अन्नद्रव्ये मोजायला पैसे कशावर घालावेत: मातीतच कुजून जाणाऱ्या सेन्सरवर, एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) दाखवणाऱ्या प्रोबवर की माती परीक्षणावर? ठिबकातून खत सोडणाऱ्या द्राक्ष किंवा भाजीपाला बागायतदारासाठी हे लिहितो आहे.

स्फुरद आणि पालाश महिन्याभरात फारसे हलत नाहीत. पळतो तो नत्र. एक जोराचा पाऊस झाला की नायट्रेट (नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप) मुळांच्या खाली निघून जाते. म्हणून जमिनीत कायम बसणारे उपकरण हवेच असेल, तर ते नायट्रेटसाठी. बाकीच्याला माती परीक्षण पुरते. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात. जस्त, लोह, बोरॉन सांगणारी काडी अजून कोणी बांधावर रोवलेली नाही. फक्त नमुना खत टाकल्या टाकल्या किंवा उकिरड्याशेजारून घेऊ नका.

ऑनलाइन मिळणारा स्टीलच्या काड्यांचा एनपीके प्रोब मी सरळ बाद करतो. त्यातले बहुतेक फक्त ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे ढोबळमानाने मातीतले क्षार) मोजतात आणि सूत्राने तीन आकडे काढून दाखवतात. खात्री करायची असेल तर कुंडीतल्या मातीला मिठाचे पाणी घाला. मिठात नत्र, स्फुरद, पालाश काहीच नसते, तरी तिन्ही आकडे चढतात! ईसी मीटर म्हणून वापरा, खताचा डोस त्यावर ठरवू नका.

विरघळणाऱ्या, म्हणजे विघटनशील सेन्सरची कल्पना मला पटते. कागद किंवा जैवप्लास्टिकवर छापलेला, वर मेणाचा थर. हंगाम संपला की काढायची कटकट नाही, रोटाव्हेटरखाली गेला तरी हरकत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात यावर काम झाले आहे. जपानच्या ओसाका विद्यापीठाने 2022 मध्ये नॅनोकागदाचा (अतिसूक्ष्म तंतूंच्या कागदाचा) सेन्सर दाखवला, पण तो ओलावा मोजणारा होता. ओलाव्यापेक्षा नायट्रेट मोजणे फार किचकट: इलेक्ट्रोडचा आकडा हळूहळू सरकतो, आणि इथे तर सेन्सर स्वतःच कुजणार असतो. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली की मातीशी संपर्कही तुटतो. शिवाय चिप आणि बॅटरी विरघळत नाहीत, ती वेचावीच लागतात. अठरा महिन्यांच्या आडसाली उसाला एका हंगामापुरता सेन्सर पुरणार नाही, हे वेगळेच.

म्हणून यंदा पैसे माती परीक्षणात घाला, द्राक्ष असेल तर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाच्या देठाच्या परीक्षणातही. झाडाने प्रत्यक्ष किती उचलले ते तिथेच कळते. विरघळणारा सेन्सर कोणी विकायला आणला, तर दोन गोष्टी लेखी मागा: तो मातीत किती दिवस बिनचूक चालतो, आणि चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याचे कॅलिब्रेशन (आकडा खऱ्या मोजमापाशी जुळवून घेणे) झाले आहे का.