वाजवून पाहिलेला फ्लूट एक, हातात आलेला दुसरा

पुढच्या दर्जाचा, पण जुना फ्लूट घेताना माझी फसवणूक झाली. फ्लूट बनावट नव्हता, चोरीचाही नव्हता. त्याचा फक्त हेडजॉइंट, म्हणजे फुंकायचा वरचा तुकडा, बदलला होता. बँडमध्ये वाजवणारी बरीच मुलं सध्या फ्लूट बदलायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

शिकाऊ फ्लूट बहुधा जर्मन सिल्व्हरचा असतो. तांबं, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू. त्यात चांदी अजिबात नसते, वरून फक्त मुलामा दिलेला असतो. पुढच्या दर्जात मधोमध भोक असलेल्या कीज (बोटांनी दाबायच्या कळा), खालच्या बी स्वरापर्यंत जाणारा लांब फुटजॉइंट (सगळ्यात खालचा तुकडा) आणि खऱ्या चांदीचा हेडजॉइंट मिळतो. यातला खरा फरक हेडजॉइंटचा. स्वर जन्मतो तो फुंकण्याच्या भोकाच्या कडेवर, आणि ती कड कशी कापली आहे यावर खर्ज किती भरेल, वरचे स्वर हळू वाजवताना टिकतील की नाही हे ठरतं. आणि हाच सगळ्यात मोलाचा भाग हलकेच फिरवला की सुटा होतो.

विकणाऱ्याच्या घरी मी फ्लूट भरपूर वाजवून पाहिला. बँडमधली एक मैत्रीण सोबत होती, तिने फोनवर चित्रणही केलं. खालचा सी अगदी हळू फुंकूनही गोल येत होता. आमचा व्यवहार ठरला, पैसे दिले. तेव्हा तो म्हणाला, "पडून होता, दोन पॅड बदलून, तेल घालून देतो." पॅड म्हणजे कीजखालच्या, भोकं बंद करणाऱ्या गाद्या. पडून राहिलेल्या फ्लूटला हे लागतंच, त्यामुळे त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. काही दिवसांनी लखलखीत पॉलिश केलेला फ्लूट हातात आला.

खर्ज मात्र उघडेना. विचारल्यावर उत्तर आलं, "नवीन पॅड बसायला वेळ लागतो, ओठांनाही सवय व्हावी लागते." या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच हे उत्तर घातक आहे. मी रोज लांब स्वरांचा रियाज वाढवला. बँडचे सर म्हणाले, "थोडं थांब, बसेल." थांबण्यात तक्रार करायची वेळ निघून गेली.

शेवटी दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने हेडजॉइंट काढून त्याचं खालचं टोक दाखवलं. ते बॅरलमध्ये, म्हणजे मधल्या तुकड्याच्या ज्या तोंडात हेडजॉइंट बसतो त्यात, सैल बसत होतं म्हणून आतून दाबून रुंद केलेलं होतं. गोल ओरखडे स्पष्ट होते आणि मुलामा उडालेल्या जागी खालचा धातू पिवळसर दिसत होता. लिप प्लेटवर, म्हणजे ओठ टेकवायच्या पट्टीवर, खऱ्या चांदीचा ९२५ चा शिक्का होता, आणि तो खोटाही नव्हता. काही शिकाऊ फ्लूटची फक्त लिप प्लेट चांदीची असते, नळी नसते. मैत्रिणीचं चित्रण थांबवून पाहिलं, तर हेडजॉइंटच्या वरच्या टोकाच्या टोपणाचा आकारच वेगळा. विकणारा म्हणाला, "तुम्ही नेलात तोच आहे," आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. पावतीवर फक्त "जुना फ्लूट, एक" एवढंच होतं. तेवढ्यावर कुणालाच काही सिद्ध करता आलं नाही. याचा मला अजूनही मनापासून राग आहे, कारण असे लोक विद्यार्थ्यांनाच गाठतात.

अनुक्रमांक बहुधा बॅरलवर असतो, हेडजॉइंटवर असेलच असं नाही. म्हणून वाजवून पाहतानाच शिक्का, टोपण, लिप प्लेट आणि खालचं टोक यांचे जवळून फोटो घ्या आणि "हेडजॉइंटची नळी चांदीची" हे शब्द पावतीवर लिहून घ्या. लोहचुंबकाची परीक्षा कुणी सुचवली तर सोडून द्या, जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. काळं पडणं हाही पुरावा नव्हे, चांदीचा मुलामासुद्धा काळवंडतो. पॅडखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून की हलकेच दाबा आणि पट्टी ओढा, सगळीकडे सारखीच अडली पाहिजे. आणि सर्व्हिसिंग असेल तर फ्लूट आधी ताब्यात घ्या, काम आपल्या कारागिराकडून करून घ्या, तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. यावर विकणारा अडून बसला तर तो फ्लूट घेऊ नका, कितीही गोड वाजत असला तरी.

माझ्या फ्लूटचं बाकीचं अंग चांगलं आहे, कीज घट्ट आहेत, त्यामुळे तो मी ठेवणार आहे. कारागिराने बॅरलचं माप घेऊन दिलंय. पैसे साठले की वेगळा हेडजॉइंट घेईन, तोही बँडच्या सरावात आठवडाभर वाजवून पाहायला मिळाला तरच.