सेवा स्वतंत्र की सामायिक: ग्रामपंचायतीने ठराव करण्यापूर्वी

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांतील बहुसंख्य इतक्या लहान आहेत की पाणी, कचरा आणि मैलागाळ (शौचालयाच्या टाक्यांत साचणारा गाळ) या तिन्ही सेवा प्रत्येकीने स्वबळावर चालवायच्या म्हटल्या, तर पैसा आणि जाणकार माणूस दोन्ही अपुरे पडतात. शेजारच्या गावांनी एकत्र यावे हा विचार नवा नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीला पंचायती आणि नगरपालिका यांच्या समान हिताच्या बाबी, त्यांत पाण्याची व अन्य नैसर्गिक साधनांची वाटणीही, विचारात घेण्यास सांगितले आहे. प्रत्यक्ष निर्णय मात्र सरपंच, सदस्य आणि ग्रामसभा यांनाच घ्यावा लागतो. हा आढावा त्यांच्यासाठी आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: मैलागाळ आणि प्लास्टिक यांबाबत एकत्र येण्यास फारसा विचार करण्याची गरज नाही, पाण्याबाबत मात्र पुष्कळ आहे.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत मोठे नुकसान याच सेवेत होते. जलजीवन मिशनचा निकष माणशी दररोज ५५ लिटरचा आहे. २,००० लोकवस्तीच्या गावाला या हिशेबाने रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. गावाची स्वतःची विहीर असेल आणि टाकीपर्यंतची एकूण उचल, म्हणजे पाणी चढवायची उंची, ४० मीटर असेल, तर पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरूनही रोज सुमारे २० युनिट वीज पुरते. तेच पाणी दूरच्या धरणातून आणायचे असेल आणि वाहिनीतील घर्षण धरून उचल १०० मीटर होत असेल, तर रोज ५० युनिट लागतात. महिन्याला ६०० युनिट आणि दीड हजार युनिट एवढा हा फरक आहे, आणि त्यात जलशुद्धीकरणाचा खर्च व लांब वाहिनीतील गळती धरलेली नाही. जवळ पाण्याचा भरवशाचा उद्भव, म्हणजे स्रोत, असताना अनेक गावांना मिळून पाणी पुरवणाऱ्या प्रादेशिक योजनेत सामील होणारे गाव महागडे पाणी विकत घेत असते, ही गोष्ट योजनेच्या आराखड्यात सहसा ठळकपणे मांडली जात नाही.

तरीही ‘भरवशाचा’ या शब्दावरच सगळे अवलंबून आहे. राज्याचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टच्या कठीण खडकाचा आहे. अशा खडकात पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते, त्यामुळे पावसाळ्यानंतर भरलेली विहीर उन्हाळ्यात तळाला जाते आणि टँकर सुरू होतो. म्हणून विहिरीची क्षमता दिवाळीत नव्हे, तर मे महिन्यात मोजून घ्यावी आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मत लेखी मागावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाणलोटाची कामे, दरवर्षीचा पाण्याचा ताळेबंद आणि शेतीसाठी बोअरवेल घेण्यावर बंदी या मार्गाने गावातच पाणी टिकवले. स्वतंत्र योजना निवडणाऱ्या गावाला अशी शिस्त स्वीकारावी लागते. नळयोजनेच्या विहिरीशेजारी शेतीची खोल बोअर होऊ देणाऱ्या गावाने स्वतंत्र योजनेचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

काही भागांत हा पर्यायच उरत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाण पट्ट्यात जमिनीखालचे पाणीच खारे असल्यामुळे गोडे पाणी बाहेरून आणावे लागते. वान धरणावरची ८४ खेडी योजना किंवा काटेपूर्णेच्या पाण्यावरची खांबोऱ्याची ६४ खेडी योजना अशा गरजेतून उभ्या राहिल्या. तेथे एकेका गावाने धरणापर्यंत स्वतःची वाहिनी टाकणे कोणालाच परवडले नसते. पाण्यात क्षार किंवा फ्लोराइड जास्त असलेल्या, तसेच प्रत्येक उन्हाळ्यात टँकरवर जाणाऱ्या गावांनाही प्रादेशिक योजना हाच योग्य मार्ग आहे. शुद्धीकरण केंद्रावर एक प्रशिक्षित माणूस वीस गावांसाठी ठेवता येतो, एका गावाला तो सहसा परवडत नाही.

प्रादेशिक योजनेचा कच्चा दुवा बहुधा तांत्रिक नसतो. योजनेच्या पंपाची वीजजोडणी एकच असते. वीस गावांपैकी चारांनी पाणीपट्टी भरली नाही, थकबाकी साचली आणि वीज तोडली गेली, तर नियमित भरणा करणाऱ्या सोळा गावांचे नळही त्याच दिवशी कोरडे पडतात. राज्यातील अनेक प्रादेशिक योजना अशाच थकबाकीमुळे बंद पडल्या आहेत. मग ज्या गावाने पैसे भरले त्यालाही पुढच्या वर्षी भरावेसे वाटत नाही. दुसरा प्रश्न शेवटच्या टोकाच्या गावांचा आहे. वाहिनीच्या सुरुवातीची गावे जास्त पाणी ओढतात, वाटेत बेकायदा जोडण्या होतात आणि टोकाच्या गावाला आठवड्यातून एकदा पाणी मिळते, पण पट्टी सर्वांना सारखीच असते. आपले गाव वाहिनीवर कोठे आहे हे नकाशावर पाहिल्याशिवाय ठराव करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

एकत्रित व्यवस्था चालतच नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ठाणे जिल्ह्यात उल्हास नदीचे पाणी उचलून पुरवणाऱ्या शहाड-टेमघर येथील ‘स्टेम’ कंपनीची मालकी ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद यांच्याकडे आहे, म्हणजे शहरी आणि ग्रामीण संस्था एकाच संस्थेच्या भागीदार आहेत. पाण्याबाहेरचे उदाहरण घ्यायचे तर २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड यांच्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल स्थापन झाली, तेव्हा दोन्ही महापालिकांचा वाटा ६० आणि ४० टक्के असा ठरला. त्या सेवेचा तोटा कमी झालेला नाही, आणि केवळ एकत्र आल्याने तोटा संपतो असे कोणी मानू नये. परंतु तो कोणी किती सोसायचा हे लिहिलेले आहे, आणि प्रादेशिक योजना चालवणाऱ्या, ग्रामपंचायतींच्या शिखर समित्यांत नेमके हेच लिहिलेले आढळत नाही.

म्हणून प्रादेशिक योजनेत जायचे असेल, तर करारात काही गोष्टी आधी मागाव्यात. प्रत्येक गावाच्या वेशीवर मुख्य मीटर हवा आणि त्याचे वाचन दोन्ही बाजूंनी मिळून व्हावे. आकारणीचे दोन भाग असावेत: देखभाल आणि पगार यांचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, तर विजेचा खर्च मीटरप्रमाणे. प्रत्येक ग्रामपंचायतीने किमान तीन महिन्यांच्या वीजबिलाएवढी रक्कम आगाऊ ठेवावी आणि थकबाकीदार गावाचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा अधिकार शिखर समितीला स्पष्टपणे द्यावा. हे कठोर वाटेल, पण चार गावांसाठी वीस गावांचे पाणी तोडले जाणे त्याहून कठोर आहे. बाहेर पडण्याची अटही असावी, कारण पाच वर्षांनी सदस्य मंडळ बदलते आणि नव्या मंडळाला जुन्या ठरावाची कारणे ठाऊक नसतात.

मैलागाळाचा हिशेब याच्या अगदी उलट आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. ३०० घरांच्या गावात शौचालयाची टाकी दर तीन वर्षांनी उपसायची म्हटली, तर वर्षाला १०० टाक्या होतात. गाडी दिवसाला तीन टाक्या उपसत असेल, तर वर्षातले फक्त ३४ दिवस काम असते आणि उरलेला काळ ती उभी राहते. दहा गावांनी मिळून एक गाडी घेतली, तर तीच वर्षभर चालते. प्रक्रियेचेही तसेच आहे. साताऱ्याजवळील सोनगाव, जकातवाडी, कोडोली आणि देगाव ही गावे शहराच्या मैलागाळ प्रक्रिया केंद्राला जोडली गेली, कारण शहराच्या केंद्रात क्षमता शिल्लक होती आणि गावांना स्वतःचे केंद्र उभारण्याची गरज उरली नाही. तालुक्याच्या गावात असे केंद्र असेल, तर आसपासच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने नगरपालिकेला पत्र लिहिण्यास एक महिनाही थांबू नये.

प्लास्टिकबाबत अनुदानाची रचनाच उत्तर देते. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत साहाय्य ठरवले गेले, म्हणजे १,५०० वस्तीच्या गावाला ९० हजार रुपये. प्लास्टिक व्यवस्थापनाच्या केंद्रासाठी मात्र प्रत्येक तालुक्याला १६ लाखांपर्यंत तरतूद आहे. गावाने ओला कचरा गावातच कुजवावा, कारण तो वाहून नेण्यात डिझेल वाया जाते, आणि प्लास्टिक वेगळे करून तालुक्याच्या केंद्रावर पाठवावे. येथे एक इशारा आवश्यक आहे. पुण्याचा कचरा अनेक वर्षे फुरसुंगी आणि उरुळी देवाची येथे टाकला गेला आणि तेथील ग्रामस्थांना दूषित पाणी व दुर्गंधी सोसून आंदोलने करावी लागली. ज्या गावाच्या हद्दीत सामायिक केंद्र होणार आहे, त्याला मोबदला, देखरेखीचा हक्क आणि कचऱ्याची कमाल मर्यादा करारातच मिळाली पाहिजे, नंतरच्या आश्वासनांवर त्याने विसंबू नये.

पाण्याच्या निर्णयात अजूनही मन डळमळत असेल, तर दोन टोकांच्या मधला मार्ग आहे आणि माझ्या मते बहुतेक गावांना तोच सोयीचा ठरेल. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी प्रादेशिक योजनेतून घ्यावे आणि धुणी, भांडी, जनावरे यांसाठी गावाची विहीर चालू ठेवावी. प्रादेशिक नळ आला की जुन्या विहिरीवरचा पंप काढून नेला जातो आणि दोन वर्षांत विहिरीत कचरा पडू लागतो, असे गावोगावी दिसते. त्या विहिरीचा गाळ दरवर्षी काढण्याची, पंपाची वीजजोडणी चालू ठेवण्याची आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम राखण्याची नोंद सामील होण्याच्या त्याच ठरावात करून घ्यावी.