लंडनमध्ये साप्ताहिक पास काढावा की कार्ड टॅप करीत जावे?

लंडनला शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यापुढे पहिल्याच आठवड्यात दोन पर्याय असतात: सात दिवसांचे ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे साप्ताहिक पास, आगाऊ विकत घेणे, किंवा ऑयस्टर (लंडनच्या वाहतुकीसाठी आगाऊ पैसे भरून वापरायचे कार्ड) अथवा बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड टॅप करीत जाणे. टॅप करणाऱ्याचे भाडे दिवसाच्या आणि आठवड्याच्या कमाल रकमेपाशी थांबते व त्यापुढचा प्रवास मोफत होतो. ज्याच्याजवळ पासासाठी एकरकमी पैसे नाहीत, त्यालाही पासाचा लाभ मिळतो, हा मला या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

मार्च २०२५ च्या दरांनुसार पहिल्या दोन झोनांसाठी (झोन म्हणजे भाडे ठरवण्यासाठी पाडलेले शहराचे पट्टे, मध्यवर्ती भाग पहिला) दिवसाची मर्यादा ८.९० पौंड, तर आठवड्याची ४४.७० पौंड होती. साप्ताहिक पासाची किंमतही तेवढीच होती. पाच दिवस रोज गर्दीच्या वेळी ३.५० पौंडांचे दोनच प्रवास करणाऱ्याचा खर्च ३५ पौंडांवर थांबत होता, म्हणजे पास काढून त्याचे नुकसानच होत होते. मात्र मर्यादेचा आठवडा सोमवार ते रविवार असाच मोजला जातो, तर पास कोणत्याही दिवशी सुरू करता येतो. गुरुवारी येऊन पुढच्या बुधवारपर्यंत रोज भरपूर फिरणाऱ्याचे दोन अर्धवट आठवडे पडतात, साप्ताहिक मर्यादा एकदाही लागू होत नाही आणि टॅप करून त्या दरांनी ६२.३० पौंड जात. त्याने पासच घ्यावा.

केवळ बसने फिरणाऱ्याने पासाचा विचार सहसा करू नये, कारण मार्च २०२५ च्या दरांनुसार १.७५ पौंडांच्या तीन भाड्यांतच बसची दिवसाची मर्यादा गाठली जात होती आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात बदललेल्या बसचे वेगळे भाडे लागत नाही.

ऑयस्टर की बँकेचे कार्ड, हा प्रश्न उरतो. साप्ताहिक मर्यादा कॉन्टॅक्टलेसला २०१४ पासून, तर ऑयस्टरला २०२१ पासून मिळू लागली, त्यामुळे तो फरक आता उरलेला नाही. विद्यार्थ्याजवळ रेलकार्ड (रेल्वे भाड्यात सवलत देणारे कार्ड) असेल तर त्याची सवलत ऑयस्टरवर नोंदवता येते, बँकेच्या कार्डावर नाही. शिवाय भारतीय बँकेच्या कार्डावर परकीय चलनाचे शुल्क लागू शकते, म्हणून तिथले खाते उघडेपर्यंत मी ऑयस्टरच सुचवेन. कोणतेही निवडा, पण सगळे प्रवास त्या एकाच साधनाने करा, कारण फोन आणि खिशातले कार्ड एकाच खात्याचे असले तरी त्यांची मोजणी स्वतंत्र होते, आणि भुयारी रेल्वेतून बाहेर पडताना टॅप करायचे राहिले तर लागणारे जास्तीचे भाडे मर्यादेत धरले जात नाही.