पेन्शन नसलेल्या नोकरदारासाठी: पीपीएफ, एनपीएस की दुसरे घर?

मुंबईत रेल्वे, महापालिका आणि गोदी या नोकऱ्यांना मोठा मान होता, कारण निवृत्तीनंतरही दरमहा घरात पैसे येत. आता राज्य सरकारनेही 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू होणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद केली आहे. खासगी नोकरीत तर ती क्वचितच होती.

‘पीएफ कापला जातो, त्यातच पेन्शन आहे’ असे अनेकजण समजतात. हा हिशेब आधी तपासावा. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन बहुतेकांच्या बाबतीत 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजली जाते, त्यामुळे तीस वर्षे नोकरी करूनही दरमहा सात हजारांपेक्षा कमीच रक्कम हाती येते आणि महागाईबरोबर ती आपोआप वाढत नाही. उरलेली तजवीज आपल्यालाच करायची आहे.

पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) या सरकारी बचत योजनेची मुदत 15 वर्षांची असून ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. वर्षाला दीड लाखाची कमाल मर्यादा आहे. एप्रिल 2020 पासून व्याजदर 7.1 टक्के आहे. तो टिकला, तर दरवर्षी दीड लाख भरणाऱ्याला 15 वर्षांनी सुमारे 40 लाख रुपये करमुक्त मिळतात. बाजारातील चढउतारांनी ज्याची झोप उडते, त्याच्यासाठी माझ्या मते हाच पाया असावा.

एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, 2009 पासून सर्व नागरिकांसाठी खुली आहे. नेहमीच्या पर्यायात 75 टक्क्यांपर्यंत रक्कम शेअर बाजारात ठेवता येते. साठीला वीस-पंचवीस वर्षे बाकी असतील, तर ही संधी मोलाची आहे. जमलेल्या रकमेपैकी किमान 40 टक्क्यांची ॲन्युइटी (एकरकमी पैसे देऊन विमा कंपनीकडून घेतलेली आयुष्यभराची पेन्शन) घ्यावी लागे. डिसेंबर 2025 मध्ये बिगर-सरकारी सदस्यांसाठी ही अट 20 टक्क्यांवर आली. ॲन्युइटीच्या उत्पन्नावर मात्र कर लागतो. नव्या करप्रणालीत स्वतः भरलेल्या रकमेवर, मग ती पीपीएफमध्ये असो वा एनपीएसमध्ये, वजावट मिळत नाही. पण मालकाने एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेवर मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंत ती मिळते. म्हणून एचआरकडे ही सोय आहे का, हे आधी विचारावे.

दुसऱ्या घराचा मोह मुंबईकराला सुटत नाही, आणि तो मला समजतो, कारण जागेसाठी या शहराने सर्वांनाच झुंजवले आहे. तरीही आकडे मांडून पाहा. समजा, एक कोटीच्या फ्लॅटला 25,000 रुपये भाडे आले, तर मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि रिकामे महिने धरण्याआधीच परतावा 3 टक्के होतो. याउलट साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख ठेवल्यास, 2025 मधील 8.2 टक्के दराने, दर तिमाहीला 61,500 म्हणजे महिन्याला 20,500 रुपये (करपात्र) मिळतात. घराची किंमत व भाडे वाढते, ठेवीची मुद्दल वाढत नाही, हे मान्य. पण आजारपणात घराची एक खोली तेवढी विकता येत नाही.

पस्तिशीच्या, वीस वर्षांहून अधिक नोकरी बाकी असलेल्या माणसाला मी एनपीएसला जास्त आणि पीपीएफला कमी वाटा द्यायला सांगेन. पन्नाशी ओलांडलेल्याने हे प्रमाण उलटे ठेवावे, आणि घरावर कर्ज बाकी असेल, तर साठीपूर्वी ते फिटेल याची आधी व्यवस्था लावावी.