भोकं मोजली, जाडी मोजली नाही

आधी माझी हौस सांगून टाकतो, म्हणजे ‘एवढंही कळलं नाही का याला’ हा प्रश्न पुढे पडणार नाही. मला गाडीच्या ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळ्या, भोकांच्या हव्या होत्या. अलॉयच्या आऱ्यांमधून दिसतात तशा, चकचकीत, तिरक्या खाचा पाडलेल्या. ब्रेक चांगला लागावा म्हणून, हे कारण मी लोकांना सांगायचो.

गाडी २०१२ ची ऑडी टीटी, पुण्याहून सेकंडहँड आणलेली. मी पर्वरीला राहतो आणि कामाला पणजीत जातो. त्यामुळे ही स्पोर्ट्‌स कार आठवड्यातले पाच दिवस मांडवीच्या पुलावर बसच्या मागे सरकत असते. रविवार तेवढा चोर्ला घाटाचा, नाहीतर आंबोलीचा.

पावसाळा संपल्यावर फोंड्याला आमच्या मेस्त्रींकडे सर्व्हिसिंगला गेलो. पुढच्या डिस्कच्या काठावर बोट फिरवलं की नखाला कंगोरा लागत होता. ब्रेक दाबला की डिस्कवर पॅड घासतो, तो भाग झिजून खाली गेला की बाहेरच्या काठाला असा कंगोरा उरतो. मेस्त्री म्हणाले, बदलायला झाल्या, साध्या व्हेंटेड, म्हणजे मध्ये हवेला पोकळी असलेल्या, घाल. मी ड्रिल्डचा, म्हणजे भोकांच्या डिस्कचा, विषय काढला. ‘बुराक कित्याक जाय तुका?’ (भोकं कशाला हवीत तुला?) एवढं बोलून ते पुढच्या गाडीखाली गेले. मला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस.

एका ओळखीच्याने नंबर दिला. म्हापशाच्या बाजूला पत्र्याची शेड, बाहेर पाटी नाही, आत खोकी छताला टेकलेली. तिशीतला पोरगा, बोलायला गोड, दर वाक्याला ‘पात्रांव’, म्हणजे मालक. या माणसाची खुबी अशी, की त्याचं जवळजवळ एकही वाक्य खोटं नव्हतं. नंतर मी एकेक वाक्य आठवून ताडून पाहिलंय.

तो म्हणाला, गोव्याची हवा खारी, साध्या डिस्कचा काठ आणि मधली टोपी (मधला फुगीर भाग) बघता बघता गंजते, कोटिंगवाल्या घ्या. खरं आहे. पॅड घासतो तिथलं कोटिंग पहिल्या काही ब्रेकांतच निघून जातं, पण टोपीवर आणि काठावर ते टिकतं. तो म्हणाला, हाय कार्बन घ्या, ओतीव लोखंडात ग्राफाइट जास्त असलं की उष्णता लवकर पसरते, आवाजही कमी येतो. हेही खरं. मग म्हणाला, भोकांतून पॅडचा गॅस निघून जातो. हे एके काळी खरं होतं. जुन्या पद्धतीचे पॅड फार तापले की वायू सोडत आणि त्याच्या थरावर पॅड निसटत असे. आताच्या पॅडना तो त्रास फारसा उरलेला नाही. पावसात पाणी लवकर निघून जातं, हा फायदा खरा, पण त्यासाठी डिस्कमधलं लोखंड कमी करावं लागतं, आणि उष्णता साठवतं ते लोखंडच. शिवाय भोकाची कड ही तडा सुरू व्हायला सोयीची जागा.

मला यातलं अर्धं माहीत होतं. काहीच माहीत नसतं तर मेस्त्रींना फोन लावला असता. अर्धं माहीत होतं म्हणून मान डोलावत राहिलो, आणि त्यानेही ‘तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही जाणकार’ असं दोनदा म्हणून ती डोलतीच ठेवली.

पुढचा जोड, पॅडसकट, ३४,००० रुपये. बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा. मी म्हटलं, नको. पैसे यूपीआयने गेले, तेही दुकानाच्या नावाने नाही, कुणा बाईच्या खात्यावर. फिटिंग फुकट, त्याचा पोरगा घरी येऊन करणार, आणि जुन्या डिस्कचं भंगार तोच घेऊन जाणार.

ही फुकट फिटिंग म्हणजे या धंद्याचा कणा, असं आता माझं मत आहे. तिच्यामुळे माल तुमच्या मेस्त्रीच्या हातात कधी पडतच नाही. खोक्यातून थेट चाकामागे.

शनिवारी सकाळी पोरगा आला. खोक्यावर एका युरोपीय कंपनीचं नाव, पण वरची टेप आधीच कापलेली. ‘माल चेक करून आणलाय.’ आतून चंदेरी डिस्क निघाल्या आणि मी लहान मुलासारखा भोकं मोजत बसलो. खरंच मोजली. फोटो काढून स्टेटसला टाकले. तासाभरात काम झालं. हबचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाचा, गंज त्याने फडक्याने झटकला, तारेचा ब्रश काही बाहेर काढला नाही. जुन्या डिस्क पोत्यात घालून स्कूटरच्या पायाशी ठेवल्या आणि गेला. नशीब की त्या डिस्कच्या काठावरचा मजकूर मी आदल्या आठवड्यात माप कळवायला म्हणून फोटोत घेतला होता. किमान जाडी २२ मिलिमीटर, असं त्यावर कोरलेलं होतं.

चार-पाच दिवसांनी ऐंशीच्या पुढे ब्रेक लावला की स्टिअरिंग किंचित थरथरू लागलं. फोन केला. ‘बेडिंग होतंय पात्रांव, पाचशे किलोमीटर जाऊ द्या.’ आता बेडिंग हीसुद्धा खरीच गोष्ट. नवीन पॅड-डिस्क बसवल्यावर, पूर्ण न थांबता, मध्ये थंड होऊ देत बरेच मध्यम ब्रेक मारायचे असतात, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. पण बेडिंगने थरथर वाढत जात नाही. माझी वाढत होती, आणि मी किलोमीटर मोजत होतो.

डिसेंबरात बेळगावला मामेबहिणीचं लग्न होतं. परतताना शेजारी मामेभाऊ, मागे कुंद्याचे डबे. चोर्ल्याचा उतार लागला. इथे माझीही चूक आहे, ती लपवत नाही. खालचा गिअर धरून उतरायचं सोडून गप्पांच्या नादात ब्रेकवर पाय टेकवूनच उतरत होतो. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी १०० मीटर उंची उतरली, की घरातलं पाच लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते. इंजिन आणि वारा त्यातला वाटा घेतात, पण तुम्ही ब्रेकवरच उतरत असाल तर बहुतेक भार चार डिस्कवर, त्यातही पुढच्या दोनवर. डिस्क धड असत्या तर एवढं त्यांनी सोसलं असतं.

अर्ध्या उतारावर पेडल पायाखाली उड्या मारायला लागलं. मग जळका वास. मग उजवीकडून ‘टक्’. मोठा आवाज नव्हता, सुपारी फोडल्यासारखा. मामेभाऊ बोलता बोलता थांबला. पुढचा उतार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून काढला आणि केरीच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. मोबाईलच्या टॉर्चने आऱ्यांमधून पाहिलं तर उजव्या डिस्कला एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत आणि तिथून थेट काठापर्यंत तडा. फोंड्याहून टोची गाडी यायला तीन तास लागले. कुंद्याचा एक डबा तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी दोन्ही डिस्क उतरवून बाकावर ठेवल्या. ‘हें कितें रे हाडलां तुवें?’ (हे काय रे आणलंस तू?) मग त्यांनी जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. माझ्या गाडीची पुढची डिस्क ३१२ मिलिमीटर व्यासाची, नवी असताना २५ जाडीची. तडकलेली भरली २१.७. डावी २२.६.

पुढचा अर्धा तास मी गप्प बसून बघत होतो. डिस्कच्या दोन थाळ्यांमध्ये हवेसाठी पोकळी असते, तिच्यात मेस्त्रींनी टॉर्च धरला. बाहेर चंदेरी, आत खवले सुटलेला जुना गंज. कोटिंग म्हणत होता तो स्प्रेचा रंग होता. काठावर किमान जाडीचा मजकूर असतो तिथे ग्राइंडरचा सपाट पट्टा. हबवर बसणाऱ्या बाजूला, रंगाखाली, दुसऱ्या कुठल्या तरी हबने उठवलेलं वर्तुळ. डिस्क जागेवर धरायचा एक छोटा स्क्रू असतो, त्याचं भोक ताणून अंडाकृती झालेलं. आणि ती ड्रिलची भोकं, जी मी मोजली होती! त्यांतली कित्येक दोन थाळ्यांना जोडणाऱ्या आतल्या पात्यांवरच पाडलेली, पातं अर्धं कापून गेलेली, कडा तासलेल्या नाहीत, धारदार तशाच. डाव्या-उजव्याचा म्हणून दिलेल्या जोडाच्या खाचा एकमेकींच्या उलट असायला हव्यात. या दोन्हींच्या एकाच बाजूला वळलेल्या.

थोडक्यात, कुणाच्या तरी गाडीतून काढलेल्या झिजक्या डिस्क लेथवर साफ केल्या, ड्रिल मारलं, रंग फासला, खोक्यात घातल्या. लेथवर कंगोरा निघून जातो, म्हणून डोळ्यांना त्या नव्या दिसतात. पण पोकळी तेवढीच राहते, झीज होते ती दोन्ही बाजूंच्या थाळ्यांची. म्हणजे पंचवीसमधले अडीच-तीन मिलिमीटर गेले असं ऐकायला किरकोळ वाटतं, प्रत्यक्षात उष्णता झेलणाऱ्या थाळ्यांचा मोठा हिस्सा गेलेला असतो.

माझ्या पोत्यातून गेलेल्या डिस्क आज कुणाच्या गाडीला ‘जर्मन’ म्हणून लागल्या असतील, हा विचार तेव्हापासून सुटत नाही. पुरावा काही नाही.

शेडवर गेलो. तो चिडला नाही, उलट चहा मागवला. डावी डिस्क मापून म्हणाला, किमान २२ ना, ही २२.६ आहे. पुन्हा खरं वाक्य! २२ ही डिस्क फेकून द्यायची मर्यादा आहे, विकायची नव्हे, हे तो सोडून सांगतो. उजवीबद्दल म्हणाला, घाटात ब्रेक जाळलात त्याला मी काय करू, आणि बसवलेला माल परत होत नाही.

घरी येऊन सगळं चॅट वाचून काढलं. पहिल्या फोटोपासून पैसे मिळाल्याच्या अंगठ्यापर्यंत त्याने ‘नवीन’ हा शब्द एकदाही लिहिलेला नाही. ‘जर्मन माल’ आहे, ‘फुल कंडिशन’ आहे. नवीन, कोटेड, हाय कार्बन, हे सगळं तोंडी. तेव्हा कुठे मला त्या पोराची खरी हुशारी दिसली.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात जायचीही चौकशी केली. दोन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण पहिला प्रश्न सगळीकडे एकच, बिल कुठे आहे? जीएसटी वाचवायला मी जे ‘नको’ म्हणालो, ते माझं मलाच परत आलं. तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, ‘पात्रांव, आपल्यात कशाला’, आणि आठ हजार देऊ केले. मी घेतले आणि तक्रार मागे घेतली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

आता गाडीला साध्या व्हेंटेड डिस्क आहेत, कोटेड, बिनभोकांच्या, कोल्हापूरच्या एका वितरकाकडून बिलासकट मागवलेल्या. सीलबंद खोकं मेस्त्रींच्या बाकावरच फोडलं, आधी व्हर्नियर लावला, २५ भरल्या, काठावर किमान जाडी नीट वाचता आली. हब तारेच्या ब्रशने चकचकीत करून डिस्क बसवली आणि ती डगमगते का ते दाखवणारं डायल गेज लावून फिरवली. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आतच हलला. जोडी २१,००० ला पडली, पॅड वेगळे. बसवून झाल्यावर मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.

गेल्या आठवड्यात कुडाळच्या एका मित्राने फोटो पाठवला. तेच खोकं, तशीच चंदेरी डिस्क, भाव ३६,०००. मी त्याला म्हटलं, काही भांडू नकोस, फक्त एवढंच विचार, काठावर व्हर्नियर लावलेला आणि पोकळीत टॉर्च मारलेला फोटो पाठव, आणि ‘नवीन आहे’ असं लिहून दे. त्याने तसं विचारलं. उत्तरादाखल भोकांचा आणखी एक फोटो आला, जरा जवळून काढलेला.